उभी रेघ

मयूर विहार, दिल्ली
३ फेब्रुवारी २०२५

विश्वास भाऊजी,
स. न.

लॅपटॉप सापडला. हे आधी लिहिते, कारण तो चोरीला गेला होता हेच तुम्हाला कळवलं नव्हतं.

डिसेंबरात एका मंगळवारी मेट्रोतून उतरून ई-रिक्षात बसले. पिशव्या पायाशी ठेवल्या. शेजारची बाई म्हणाली, "आंटीजी, थोड़ा खिसकना." मी सरकले. सोसायटीच्या फाटकाशी उतरले तेव्हा पायाशी फक्त मेथीची जुडी होती.

तक्रार नोंदवली, आशा नव्हती. गेल्या आठवड्यात चौकीतून फोन आला की एका खोलीत अकरा लॅपटॉप मिळालेत, ओळखायला या. माझा मी लांबूनच ओळखला. २०१२ साली तुम्ही झाकणावर चिकटवलेला 'विश्वास डीटीपी, मिरज' हा कागद कुणीतरी खरवडायला घेतला होता आणि कंटाळून सोडला होता. 'वि' गेलाय, 'श्वास डीटीपी' शिल्लक आहे. हवालदारीणबाईंनी विचारलं, "ये क्या लिखा है?" मी म्हटलं, "साँस." त्यांनी वहीत काय लिहिलं देव जाणे. कोर्टाचा कागद झाला, त्यांना हवं ते त्यांनी उतरवून घेतलं, आणि केस संपेपर्यंत सांभाळायचा व मागितला की हजर करायचा या अटीवर तो माझ्या ताब्यात दिला. वापरायला हरकत नाही म्हणाले.

घरी येऊन चालू केला तर पडद्यावर पिवळी मोटारसायकल आणि 'वेलकम सोनू'. सगळं बदललंय. माझी जुनी विंडोज नाही, मराठी नाही, टाइपरायटरसारखा आपला कळफलक नाही. कुणीतरी सोनूला नवी विंडोज घालून दिलेली दिसते.

आता खरं कारण. फरीदाबादचे अंबादास खरात तुम्हाला आठवतील, ह्यांचे मित्र, कारखान्यात फिटर म्हणून लागून फोरमन म्हणून निवृत्त झाले ते. दोन वर्षं दर मंगळवारी मी त्यांच्याकडे जात होते. ते सांगायचे, मी थेट लॅपटॉपवर उतरवायची. कोपरगावहून बासष्ट साली निघाले तिथपासून एकोणीस प्रकरणं झाली होती. विसावं राहिलं. छापून काही घेतलं नव्हतं. ते म्हणायचे, "पुरं झालं की एकदाच बघीन. अर्धी भाकरी ताटात वाढू नये." गेल्या दिवाळीत त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेलं. समजतं सगळं.

म्हणजे त्यांचा शब्द आता फक्त त्या यंत्रात आहे, किंवा नाही. त्यांच्या मुलीला, मीनाक्षीला, मी चोरीचं सांगितलेलं नाही. ती विचारते तेव्हा "शुद्धलेखन तपासतेय" म्हणते.

हा लॅपटॉप पूर्वी होता तसा करता येईल का? तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून सवडीने सगळं लिहा. मी वाचून तसं करीन.

तुमची,
वृंदावहिनी


मिरज
९ फेब्रुवारी

वृंदावहिनी,

मेथी वाचली हे बरं झालं. सोनूला नमस्कार सांगा.

रागावलो आहे, पण ते नंतर. आधी काम.

कंपनी लॅपटॉप विकते तेव्हा मूळ विंडोजची एक प्रत त्याच्याच पोटात एका बंद कप्प्यात ठेवते. ज्याने सोनूला नवी घालून दिली त्याने तो कप्पा मोडला नसेल, तर जुनी विंडोज अजून आत आहे. तीच आणायची. नव्यावर आपला जुना मराठी फॉन्ट आणि तुमचा कळफलक चालत नाही. मी करून बघितलंय.

कसं ते लिहितो. चार्जर लावलेला हवा. हे विसरू नका. मध्येच बॅटरी संपली तर मूळही जाईल आणि सोनूही जाईल. मशीन बंद करून चालू करा. कंपनीचं नाव दिसलं की वरच्या रांगेतली एफ अकरा ही कळ दाबत राहा, दार न उघडणाऱ्या घराची बेल वाजवतो तशी. मग ते विचारील, सगळं पुसून पहिल्यासारखं करू का. हो म्हणायचं. पुढे तासभर त्याला हात लावायचा नाही.

पण त्याआधी. ते 'सगळं' म्हणतं तेव्हा खरोखर सगळं. म्हणून पहिल्यांदा डी ड्राइव्ह उघडून बघा. तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं, सी म्हणजे ओसरी, डी म्हणजे माजघर, जपायचं ते माजघरात ठेवा. ठेवलं असेल तर वाचलं असेल. हे दुकानदार घाईत असतात, ओसरी सारवतात आणि निघतात. खरातांच्या फाइली दिसल्या तर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि मगच एफ अकरा.

फॉन्टची सीडी माझ्याकडे आहे. ती नंतर पाठवतो.

एकटीने करू नका. जवळपास कुणी जाणती मुलगी-मुलगा असेल तर शेजारी बसवा.

विश्वास


मयूर विहार
१६ फेब्रुवारी

भाऊजी,

माजघरात होत्या. 'खरात' नावाचा फोल्डर, त्यात एकोणीस फाइली, माझ्याच क्रमाने. खालच्या मजल्यावरच्या दातारांची शिवांगी शेजारी बसली होती, गुरुग्रामला मोठ्या कंपनीत आहे. मी तिला म्हटलं, "बघ, माजघर वाचलं." तिने विचारलं, "काकू, माजघर म्हणजे स्टोअररूम?" मी हो म्हटलं.

मग पहिली फाइल उघडली. आत मराठीचा म सुद्धा नाही. सगळी इंग्रजी चिन्हं, तीही कुठल्या शब्दाची नाहीत. तुम्हाला कल्पना यावी म्हणून एक ओळ बघून लिहिते. इंग्रजी ओ, त्याच्या डोक्यावर दोन टिंबं. मग एक तिरकी रेघ, पुन्हा टिंबवाला ओ, लगेच परत टिंबवाला ओ. मग उलटं प्रश्नचिन्ह, यू, त्याच्याही डोक्यावर टिंबं, आणि परत ओ. पानभर हेच. तो ओ तर प्रत्येक ओळीत दहा-बारा वेळा. एकोणीसच्या एकोणीस फाइली उघडल्या, सगळीकडे तेच.

शिवांगी म्हणाली, "काकू, ये तो गया. फाइल्स करप्ट आहेत सगळ्या. नावं राहिलीत, आतला डेटा उडाला." बिचारीला माझ्याकडे बघवेना. तिने चहा केला, आणि माझ्याच घरात मला साखरेचा डबा कुठे आहे ते विचारलं, तर मला सांगता येईना.

असो. आता वाचवण्यासारखं काही नाही, तेव्हा उतरवून घेण्याचाही प्रश्न नाही. तो कचरा पेन ड्राइव्हवर ठेवून रोज बघत बसण्यापेक्षा जाऊ दे. पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला, शिवांगीला सुट्टी आहे. तुमच्या कागदाप्रमाणे एफ अकरा दाबू आणि कोऱ्या पाटीने सुरू करू. मला आठवतं तेवढं मी पुन्हा लिहीन. पण माझं आठवणं म्हणजे त्यांचं सांगणं नव्हे, हे मला कळतं.

मीनाक्षीचा परवा फोन आला. "मावशी, बाबा डाव्या हाताने हवेत टाइप केल्यासारखं करतात. तुमची आठवण काढतात वाटतं." मी म्हटलं, "थोडंच राहिलंय."

आता तिला खरं सांगायला हवं. शनिवारी जाईन.

वृंदा


मिरज
२२ फेब्रुवारी, शनिवार

वहिनी,

तुमचं पत्र आत्ता साडेअकराला मिळालं. हे उत्तर तुम्हाला वेळेवर मिळणार नाही, हे माहीत असून लिहितो आहे. हातांना दुसरं काय काम द्यावं सुचत नाही. देविका केव्हापासून तुम्हाला फोन लावते आहे. माझी सून चिकाटीची आहे, पण तुम्ही उचलत नाही. मेसेजही टाकलाय तिने.

काही पुसू नका. फाइली शाबूत आहेत.

डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ म्हणजे काना.

आपल्या जुन्या फॉन्टात प्रत्येक मराठी खुणेला एक इंग्रजी चिन्ह जोडलेलं असतं. फॉन्ट असला की मराठी दिसतं, नसला की खालचं चिन्ह उघडं पडतं. अर्धा म, अर्धा प, अर्धा स अशी अक्षरं असतात आणि त्यांच्या उभ्या दांडीसाठी हा ओ. म्हणून तो ओळीत दहा वेळा येतो. आणि काना तरी काय, ती उभी रेघच, म्हणून त्यालाही तोच ओ. तुम्ही लिहिलंय, एका ठिकाणी दोन ओ लागोपाठ आलेत. तिथे एक दांडी आहे आणि एक काना. 'मा' असेल, 'पा' असेल. तुमच्या ओळीत काटेकोरपणे उतरवलेलं ते उलटं प्रश्नचिन्ह नसतं, तर मीही त्या मुलीसारखंच म्हटलं असतं. तीस वर्षं ही चिन्हं बघितली आहेत. एकदा फॉन्ट उडाला तेव्हा अख्खी मतदारयादी मी अशीच वाचली होती.

चूक माझी आहे. फॉन्ट चालणार नाही एवढं लिहिलं, पण चालला नाही की मजकूर कसा दिसतो ते लिहिलं नाही. आणि तुम्ही चाळीस वर्षं मराठी टाइप केलंत, पण पडद्यावर नेहमी मराठीच बघितलंत. तुम्हाला कसं कळावं?

देविका आली. अजून उचलत नाही म्हणते. मी हे टाकायला निघालो.

विश्वास


मयूर विहार
२५ फेब्रुवारी

भाऊजी,

आधी निकाल. पुसलं नाही.

शनिवारी मी फरीदाबादला होते. मेट्रोत बसताना फोनचा आवाज बंद केला तो केलाच. मीनाक्षीला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबांना आत्ता नको सांगूया." पण त्या घराची भिंत तुम्हाला माहीत आहे, पलीकडे भांडं ठेवलं तरी ऐकू येतं. मी निरोप घ्यायला खोलीत गेले, तर अंबादासजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. झोपलेले नव्हते. पायाचा अंगठा हलत होता.

रविवारी अकराला शिवांगी आली. एफ अकरा, बेल वाजवतात तशी. बंद कप्पा उघडला. निळा पडदा आला आणि त्याने विचारलं, सगळं पुसून पहिल्यासारखं करू का. शिवांगी म्हणाली, "काकू, पक्का?"

मी म्हटलं, "पक्का."

मग मला तुमचा कागद आठवला. "थांब, चार्जर लावलाय का?"

"बॅटरी फुल आहे, काकू."

"भाऊजींनी लिहिलंय लावायचा म्हणजे लावायचा."

"अरे यार, काकू," असं ती म्हणाली, पण उठली. टेबलाजवळ एकच प्लग आहे आणि त्यात माझा फोन लावलेला होता. तिने तो उपसून माझ्या हातात दिला. तेव्हा पडदा उजळला. देविकाचे चौदा कॉल, आणि खाली मेसेज: 'काकू, काहीही पुसू नका. बाबा म्हणतात तो काना आहे.'

मी मोठ्याने वाचलं. शिवांगीने विचारलं, "काना? कौन काना?" तिला वाटलं, चोर एका डोळ्याचा होता.

मी तिला सांगितलं की हिंदीत ज्याला आ की मात्रा म्हणतात त्याला आपण काना म्हणतो, ती उभी रेघ. ती म्हणाली, "पण उभी रेघ तर वाक्य संपल्यावर देतात ना?" इथे शाळेत हिंदी शिकलेल्या पोरांचं हे असं आहे. रेघ दिसली की थांबतात. मी म्हटलं, "आमच्यात वाक्य संपलं की टिंब. रेघ आली की आवाज लांबतो."

'नाही' दाबून बाहेर आलो. एकोणीस फाइली दोन पेन ड्राइव्हवर उतरवल्या. एक माझ्या कपाटात, एक शिवांगीकडे. तिने स्वतः मागून घेतला. मग पुन्हा एफ अकरा, चार्जर लावून, आणि या वेळी 'हो'. तासाभराने सोनू गेला. मोटारसायकल गेली. २०१२ चा तो निळा पडदा आला आणि चालू होतानाचा तो जुना चार सुरांचा आवाज. हे जिवंत असताना तो आवाज आला की म्हणायचे, "सरकार कामावर आलं."

फॉन्ट मात्र आला नाही, तो तुम्ही नंतर घातला होता ना. फाइली अजून टिंबवाल्या ओंच्याच आहेत. पण आता त्यांच्याकडे बघवतं. काल एका पानावर लागोपाठ ओ कुठे कुठे आहेत ते शोधत बसले होते.

मीनाक्षीला अजून काही बोलले नाही. एकदा तोंडघशी पडले, आता मराठी डोळ्यांनी बघीन तेव्हाच बोलेन. सीडी पाठवा.

वृंदा


मिरज
६ मार्च

वहिनी,

सोबत पेन ड्राइव्ह आहे. सीडी नाही.

सीडी माझ्याकडे आहे असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. दुकान बंद केलं तेव्हा दोन खोकी रद्दीत दिली, त्यात ती गेली असणार. लिहिताना वाटलं, शोधली तर सापडेल. तुमचं पंचवीसचं पत्र आल्यावर देविकेने माळा उपसला. जुन्या लग्नपत्रिकांचे नमुने निघाले, सीडी नाही.

मग पुष्करकडे गेलो. स्टेशन रोडवरचा, माझ्याच धंद्यातला. आम्ही नऊ वर्षं बोलत नव्हतो. त्याने एका पत्रिकेत वरपित्याचा 'वारपिता' छापला होता आणि मी ते भर मांडवात वाचून दाखवलं होतं. काम एक काना जास्त झाल्याचं होतं, वैर नऊ वर्षांचं झालं.

मी दारात उभा राहिलो. त्याने कुठलं तरी बिल लिहिता लिहिता वर बघितलं आणि म्हणाला, "काय सापडलं आता? माझी की तुझी चूक?"

मी म्हटलं, "माझी."

तेव्हा खुर्ची दिली. त्याच्याकडे सीडी होती, कापडात गुंडाळून ठेवलेली. त्याने ती स्वतः पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. तुमच्या खरातांची गोष्ट सांगितली तर म्हणाला, पुस्तक झालं की एक प्रत मला, वाचून चुका काढीन.

पेन ड्राइव्ह लावा, 'मराठी' वर दोनदा क्लिक करा, ते विचारील त्याला हो म्हणा, मशीन बंद करून चालू करा. आणि कृपा करून ही जुनी विंडोज इंटरनेटला जोडू नका. तिला आता बाहेरची हवा सोसत नाही. फक्त टायपिंग.

उघडलं की कळवा. मेसेज करा, देविका वाचून दाखवील. पण पत्रही लिहा.

विश्वास


मयूर विहार
१८ मार्च, मंगळवार

भाऊजी,

मेसेज मिळाला असेलच. त्यात 'उघडलं' एवढंच लिहिलं होतं, कारण पुढचं बोटांनी होईना.

होळीच्या आदल्या दिवशी पाकीट आलं. सांगितलंत तसं केलं. पहिली फाइल उघडली. क्षणभर ते टिंबवाले ओ दिसले आणि मग कुणी चष्मा पुसून नाकावर ठेवावा तसं झालं. 'मी अंबादास रामभाऊ खरात, कोपरगावहून निघालो तेव्हा माझ्याकडे एक वळकटी होती.' एकोणीसही प्रकरणं तपासली. एक अक्षर गेलेलं नाही. शिवांगीला हाक मारली. तिने पानभर वाचलं, अडखळत, आणि म्हणाली, "काकू, मी ह्याला कचरा म्हटलं होतं." मी म्हटलं, मीही म्हटलं होतं.

आज मंगळवार म्हणून लॅपटॉप घेऊन फरीदाबादला गेले. पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. मीनाक्षीला दारातच उघडून दाखवलं. ती वाचत उभी राहिली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

अंबादासजींना उशा लावून बसवलं. लॅपटॉप त्यांच्या समोर ताटासारखा ठेवला. मी म्हटलं, "अर्धीच भाकरी आहे, पण वाढते." त्यांनी माझ्याकडे नव्हे, पडद्याकडे बघितलं. दोन वर्षं सांगितलं, पण लिहिलेलं आज पहिल्यांदा बघत होते. डोळे ओळीवरून सरकत होते. डोकं हललं की मी पान पुढे करत होते.

तिसऱ्या प्रकरणावर थांबले. कारखान्यातला पहिला दिवस. डावा हात उचलला, बोट पडद्याला टेकवलं आणि वरून खाली एक उभी रेघ ओढली.

मीनाक्षी म्हणाली, "बस म्हणतायत. पूर्णविराम. थकले बाबा." आणि तिने लॅपटॉप बंद करायला हात घातला.

त्यांनी तिचं मनगट धरलं. डाव्या हाताने, घट्ट. पुन्हा बोट त्याच जागी, पुन्हा रेघ. वरून खाली.

"बाबा, उद्या वाचूया ना बाकीचं."

तिसऱ्यांदा रेघ.

मी चष्मा लावून वाकले. बोटाखाली मी दोन वर्षांपूर्वी टाइप केलेलं वाक्य होतं: 'पहिल्याच दिवशी फोरमनने माझ्या हातात पान ठेवला आणि म्हणाला, हा आता तुझा.'

पान ठेवला. मी मोठ्याने वाचलं आणि मग माझ्याच लक्षात आलं. "मीनाक्षी, थकले नाहीत ते. काना राहिलाय. पाना हवा, नटबोल्ट फिरवायचा पाना. मी फोरमनकडून त्यांना विडा खायला घातला."

अंबादासजींच्या घशातून आवाज आला. दिवाळीपासून त्या घरात न आलेला. खोकला वाटून मीनाक्षी पाण्याकडे धावली, पण ते हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, बोट मात्र पडद्यावरून हललं नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्हीच द्या." त्यांचा हात धरून कान्याच्या कळेवर नेला. त्यांनी दाबली. पानचा पाना झाला.

मग ते पुढच्या ओळीकडे वळले. दुपारपर्यंत आणखी चार चुका काढल्या. पुष्करना सांगा, त्यांच्यासाठी फारशा उरणार नाहीत.

विसावं प्रकरण कसं करायचं हे आम्ही ठरवलं आहे. मी एकेक वाक्य विचारायचं, चुकलं की त्यांनी रेघ ओढायची. पुढच्या मंगळवारी सुरू.

झाकणावरचा तुमचा कागद मी काढलेला नाही. आहे तसाच राहू दे.

वृंदा